दुखणे पायांत, दोष यकृतात

‘नॅनो’ या उपसर्गाने गेल्या पाव शतकात सामान्य वाचकाच्या मनावर जी मोहिनी घातली आहे, तिच्या मुळाशी एक साधी समजूत आहे. ती अशी की, वस्तू जितकी लहान तितका तिचा प्रवेश सुकर, आणि म्हणून औषध एकदा का नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापात तयार करता आले की ते शरीराच्या ज्या कोपऱ्यात पाठवावे तेथे, अगदी मेंदूतसुद्धा, बिनदिक्कत जाऊन पोहोचेल. या समजुतीला जी अडचण आहे ती अगदी प्राथमिक स्वरूपाची आहे. द्राक्षशर्करेचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. आपण नित्य घेतो त्या गोळ्यांतील औषधांचे रेणूही साधारण त्याच मापाचे. आणि वैद्यकात ज्यांना नॅनोकण म्हणून संबोधतात ते साठ, ऐंशी, शंभर नॅनोमीटर व्यासाचे, म्हणजे औषधी रेणूच्या मानाने अवाढव्यच म्हटले पाहिजेत. जेथे लहानग्या रेणूलाच मज्जाव आहे तेथे त्याच्या शंभरपट रुंदीच्या कणाला तो केवळ ‘नॅनो’ आहे म्हणून वाट मिळेल, अशी अपेक्षा बाळगण्यास काही आधार नाही. मग मज्जासंस्थेच्या रोगांत नॅनोकणांनी काही साधलेच नाही की काय? साधले आहे, आणि ते चांगले भरीव आहे. मात्र ज्या मार्गाने साधले तो मज्जासंस्थेतून जात नाही, यकृतातून जातो. त्या मार्गाची हकीकत समजून घेण्यासाठी प्रथम पोर्तुगालच्या किनाऱ्यावर जावे लागते.

पोर्तो शहराच्या उत्तरेस, अटलांटिकच्या काठी, पोव्होआ द व्हार्झिम नावाचे मच्छीमारांचे जुने गाव आहे. १९३९ साली तेथील सदतीस वर्षांची एक स्त्री पोर्तोच्या सांतो आंतोनियो रुग्णालयात मारिओ कोरीनो द आंद्रादे या मज्जारोगतज्ज्ञांकडे आली. आंद्रादे हे स्ट्रासबुर्ग आणि बर्लिन येथील नामांकित प्रयोगशाळांत शिकून नुकतेच मायदेशी परतले होते, आणि तिच्या दुखण्याचा मेळ त्यांना ठाऊक असलेल्या कोणत्याच रोगाशी बसेना. गावात मात्र या दुखण्याची कोणाला नवलाई नव्हती. तेथे त्याला ‘पायांचा आजार’ अशा अर्थाचे घरगुती नाव होते, आणि तो अमक्या घराण्यात असतो, बापाला होता म्हणून मुलाला झाला, हेही लोकांना पक्के माहीत होते. विद्यापीठाच्या ग्रंथांत ज्याची नोंद नाही असा रोग कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असावा, ही गोष्ट आंद्रादे यांना उपेक्षणीय वाटली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे. ते त्या वस्तीत गेले, घराण्यांच्या वंशावळी जमवल्या, रोगी तपासले, आणि तेरा वर्षे थांबून, सत्तरांहून अधिक रोग्यांची माहिती हाती आल्यावर, १९५२ साली ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला.

रोगाचा आरंभ पावलांपासून होतो आणि त्याचा क्रम मोठा चमत्कारिक असतो. डोळे मिटून बसलेल्या रोग्याच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला तर तो त्याला कळतो. परंतु एका परीक्षानळीत ऊन पाणी आणि दुसरीत गार पाणी घेऊन त्या आळीपाळीने तळव्याला लावल्या, तर ऊन कोणते आणि गार कोणते हे त्याला सांगता येत नाही. टाचणी टोचली तर काहीतरी लागले एवढेच तो म्हणतो, दुखले असे म्हणत नाही. वेदना आणि उष्णता यांची वार्ता वाहणारे बारीक तंतू आधी निकामी होतात आणि स्पर्श वाहणारे जाड तंतू काही काळ तग धरतात, याचा हा परिणाम. निखाऱ्याने भाजले, खिळा रुतला, तरी पत्ता नाही, आणि जखम चिघळल्यावर ती प्रथम डोळ्यांना दिसावयाची. आपल्याकडे अशी लक्षणे पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका कुष्ठरोगाची यावी किंवा हल्लीच्या काळात मधुमेहाची यावी, हे स्वाभाविकच आहे. पण येथे बधिरता पावलांवरून पोटऱ्यांवर, मांड्यांवर, मग हातांवर चढत जाते; ज्या तंतूंवर आपली इच्छा चालत नाही तेही बिघडतात, त्यामुळे कधी आठवडाभर मलावरोध तर कधी अनावर अतिसार, उठून उभे राहताच रक्तदाब कोसळून घेरी, अन्न अंगी न लागणे, आणि पुरुषांत नपुंसकत्व; पुढे हृदयही पकडले जाते. पोर्तुगालमध्ये हे सारे बहुधा ऐन तिशीच्या आसपास सुरू होते आणि उपचार न झाल्यास सुमारे दहा वर्षांत मृत्यू येतो, म्हणजे मुले हाताशी येण्यापूर्वीच बाप जातो. आणि त्या मुलांपैकी सरासरीने निम्म्यांच्या वाट्याला तोच वारसा ठेवून जातो.

शवविच्छेदनात आंद्रादे यांना मज्जातंतूंमध्ये एक चिवट, निराकार दिसणारे द्रव्य साठलेले आढळले. काँगो रेड या रंगाने ते रंगवले आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली धरले म्हणजे हिरवट झळकते. या खुणेवरून ते ‘अमायलॉइड’ असल्याची रुजवात होते. अमायलॉइड म्हणजे घडी बिघडलेल्या प्रथिनांचे तंतुमय साठे. हे प्रथिन कोणते, याचा छडा लागण्यास आणखी पाव शतक जावे लागले. १९७८ साली पोर्तुगीज संशोधकांनीच दाखवून दिले की ते प्रथिन दुसरे तिसरे काही नसून रक्तात नेहमीच वावरणारे ट्रान्सथायरेटिन आहे. गलग्रंथीचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व यांची ने-आण करणे हे त्याचे नित्याचे काम. १२७ अमिनो आम्लांची एक साखळी, अशा चार साखळ्या एकत्र येऊन त्याचा एक रेणू होतो. आणि पोव्होआच्या घराण्यांत या साखळीच्या तिसाव्या जागी व्हॅलीनऐवजी मेथिओनीन बसलेले असते. एवढ्याशा फरकाने चौघांची जूट सैल होते, सुटी झालेली साखळी आपली घडी मोडते, आणि तशा मोडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून तंतू बनत जातात. हाच बदल स्वीडनच्या उत्तर भागातील काही गावांत आणि जपानमधील आराओ व ओगावा या परिसरांतही सापडला. आणि आता ट्रान्सथायरेटिनचे असे शंभराहून अधिक सदोष प्रकार जगभरच्या घराण्यांत नोंदले गेले आहेत.

आता या कथेतील पेच असा की, रोग मज्जातंतूंचा असला तरी प्रथिन मज्जातंतूंचे नाही. रक्तातले जवळजवळ सगळे ट्रान्सथायरेटिन यकृतात तयार होते. म्हणजे ज्या अवयवात गुन्हा घडतो तो अवयव ठणठणीत, आणि शिक्षा भोगणारा अवयव शरीराच्या पार दुसऱ्या टोकाला. हे ध्यानी आल्यावर १९९० साली स्वीडनमध्ये गोस्टा होल्मग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रोग्याचे यकृतच बदलून टाकण्याचे धाडस केले, आणि रक्तातील सदोष प्रथिन नाहीसे होऊन रोगाची वाढ मंदावते, असे दिसून आले. काढून टाकलेल्या यकृतात एका प्रथिनाचा दोष वगळता काहीच बिघाड नसे. तेव्हा १९९५ साली पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे ते यकृत दुसऱ्या, यकृताच्या असाध्य रोगाने गांजलेल्या माणसाला बसवण्याची प्रथा सुरू झाली. हिशेब असा की, त्यातून निघणारे सदोष प्रथिन साचून त्रास देऊ लागेपर्यंत दशके उलटतील. हिशेब पुरता खरा ठरला नाही. काही ग्रहणकर्त्यांच्या पावलांत सात-आठ वर्षांतच बधिरता आली. रोगाचे मूळ यकृतात आहे याचा इतका निर्विवाद दाखला कोणत्याही प्रयोगशाळेने दिला नसता, परंतु तो देणाऱ्या माणसांच्या दृष्टीने तो फार महाग पडला.

यकृत जागच्या जागी ठेवून त्यातील हे एकच काम थांबवता येईल काय, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर अगदी अनपेक्षित दिशेने आले. १९९८ साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका गोलकृमीत दुपदरी आरएनए घातले, तेव्हा त्या आरएनएशी अक्षरशः जुळणारे जनुक गप्प झालेले त्यांना आढळले. ही यंत्रणा थोडक्यात सांगावयाची तर, पेशीच्या केंद्रातील डीएनए हे मूळ दप्तर समजावे. ते कचेरीबाहेर कधीच जात नाही, प्रत्येक कामापुरती त्याची एक नक्कल काढली जाते, आणि प्रथिने घडवणारे कारागीर त्या नकलेबरहुकूम काम करतात. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. बाहेरून आलेला आरएनएचा आखूड तुकडा पेशीतील एका प्रथिनसंचात जाऊन बसतो, आपल्याशी जुळणारी नक्कल हुडकतो, आणि तो प्रथिनसंच तिचे दोन तुकडे करून टाकतो. दप्तराला धक्का नाही, पण हुकूम कारागिरापर्यंत पोहोचतच नाही. एक नक्कल कापून झाली की तोच संच दुसरी धरतो, त्यामुळे थोड्याशा आरएनएने बरेच काम होते. २००१ मध्ये जर्मनीत थॉमस टुश्ल यांच्या गटाने एकवीस अक्षरांचे तुकडे वापरून मानवी पेशींतही हे घडवून आणले, आणि २००६ साली फायर व मेलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोधानंतर अवघ्या आठ वर्षांत हा मान मिळावा, हे वैद्यकाच्या पारितोषिकात क्वचितच घडते.

पारितोषिक मिळाले, पण औषध मिळेना. आरएनएचा तुकडा नुसताच शिरेत टोचला तर रक्तातील विकरे त्याचे तुकडे करतात आणि उरलेला काही मिनिटांत मूत्रपिंडे गाळून टाकतात. शिवाय त्याचा भार ऋण असल्याने पेशीचे तैल आवरण त्याला आत घेत नाही. आरंभीच्या उत्साहात या क्षेत्रात पैसा ओतणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांचा धीर सुटला. रोश या बलाढ्य स्विस कंपनीने २०१० साली सरळ काढता पाय घेतला. अडचण औषधाची नव्हतीच, ती वाहतुकीची होती. आणि ज्या वाहनाची गरज होती त्याचे काम दुसरीकडे बऱ्याच वर्षांपासून, फारसा गाजावाजा न होता, चालू होते.

१९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बॅब्रॅहॅम येथे अॅलेक बँगहॅम यांनी फॉस्फोलिपिड नावाची मेदद्रव्ये पाण्यात घालून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा ती आपोआप बंद पुटकुळ्यांचे रूप घेतात असे त्यांना दिसले. या पुटकुळ्यांत औषध कोंडून रक्तात सोडण्याची कल्पना लवकरच निघाली, आणि कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे औषध अशा सुमारे शंभर नॅनोमीटरच्या पुटकुळीत भरून १९९५ साली अमेरिकेत विक्रीस आले; नॅनो-औषधांच्या इतिहासात ती पहिली सरकारी मान्यता समजतात. आरएनएचा प्रश्न याहून बिकट होता. ऋणभाराच्या आरएनएला धरून ठेवावयाचे तर मेदद्रव्य धनभाराचे हवे; पण धनभाराचे कण रक्तात सोडले तर ते दिसेल त्याला चिकटतात आणि विषारी ठरतात. कॅनडातील व्हँकुव्हर येथे पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून या पेचाचे जे उत्तर काढले, ते मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बुद्धिमान पाऊल वाटते: त्यांनी असे मेदद्रव्य घडवले की ज्याचा भार परिस्थितीप्रमाणे बदलतो. आम्लात ते धनभारित होते, आणि रक्ताच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात, जेथे पीएच ७.४ असतो, ते जवळजवळ भाररहित राहते. अनेक रेणू घडवून आणि टाकून दिल्यावर जो निवडला गेला त्याचे हे पालटणे पीएच ६.४च्या आसपास होते. हा आकडा थोडा इकडे किंवा तिकडे सरकला तरी औषधाचा गुण झपाट्याने घटतो.

कण बनवण्याची कृती वर्णनात तरी आश्चर्य वाटावे इतकी सरळ आहे. हे पालटणारे मेदद्रव्य, कोलेस्टेरॉल, एक फॉस्फोलिपिड आणि पृष्ठभागावर पाणथळ झालर देणारे पीईजीयुक्त मेदद्रव्य, अशी चार द्रव्ये इथेनॉलमध्ये विरघळवावयाची. आरएनए आम्लधर्मी पाण्यात घ्यावयाचा. आणि दोन बारीक नळ्यांतून हे दोन्ही प्रवाह एका सांध्यात वेगाने एकमेकांवर सोडावयाचे. इथेनॉल पाण्यात मिसळून पातळ होताच मेदद्रव्यांना विरघळून राहता येत नाही, ती गोळा होऊ लागतात, आणि आम्लामुळे धनभारित झालेला भाग आरएनएला ओढून मधोमध घेतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. मग इथेनॉल काढून टाकावयाचे, आम्लता उतरवावयाची, की साठ ते शंभर नॅनोमीटरचे कण असलेले दुधट द्रव हाती येते. कोणी अणू अणू रचून यंत्र बांधलेले नसते. द्रव्यांचे स्वभाव नीट ओळखून त्यांना योग्य क्षणी एकत्र आणलेले असते, एवढेच.

परंतु हे कण यकृताकडे का जातात? त्यांवर यकृताचा पत्ता कोणी लिहिलेला नसतो. कण रक्तात शिरला की पीईजीची झालर हळूहळू गळून पडते आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर अपोलिपोप्रोटीन ई नावाचे रक्तातलेच एक प्रथिन येऊन बसते. शरीरात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या नैसर्गिक कणांवर बसणे हाच या प्रथिनाचा व्यवसाय आहे, आणि यकृताच्या पेशींवरील ग्राहके त्याला ओळखून तो कण आत ओढून घेतात. प्रयोगशाळेत बनलेला कण अशा रीतीने शरीराच्या स्वतःच्या मेदवाहतुकीत सामील होतो. याची खातरजमा २०१० साली झाली: ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हते त्यांत औषध जवळजवळ निष्फळ ठरले, आणि तेच प्रथिन कणांत आधी मिसळून दिले तेव्हा गुण परत आला. त्यात यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना मुळातच शंभर नॅनोमीटरच्या आसपासची छिद्रे असतात, ही आणखी एक अनुकूलता. पेशीच्या आत कण एका पिशवीत पडतो, पिशवीतील द्रव आम्लधर्मी होत जातो, पालटणारे मेदद्रव्य धनभारित होऊन पिशवीचे आवरण फोडते आणि आरएनए बाहेर येतो. बाहेर येणारा हिस्सा शेकड्यास एक-दोन एवढाच. उरलेला पिशवीतच नष्ट होतो. अठ्ठ्याण्णव टक्के माल वाटेत बुडूनही व्यापार नफ्यात चालावा, असा हा प्रकार. पण आरएनएचा एकेक तुकडा पुनःपुन्हा काम करीत असल्याने तेवढे पुरते.

या मार्गाने तयार झालेले औषध म्हणजे पॅटिसिरन. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावी २००२ साली स्थापन झालेल्या अॅलनायलम या कंपनीने, इतरांनी मैदान सोडल्यावरही चिकाटी धरून, ते तडीस नेले. त्यातील आरएनए सदोष आणि निर्दोष दोन्ही ट्रान्सथायरेटिनच्या नकला कापतो, त्यामुळे घराण्यागणिक दोष निराळा असला तरी औषध एकच चालते. २२५ रोग्यांवरील चाचणीत १४८ जणांना औषध आणि ७७ जणांना नुसते द्रव देऊन अठरा महिने पाहिले गेले. मज्जातंतूंची हानी गुणांत मोजण्याची जी पद्धत ठरली होती तिच्यात गुण वाढणे म्हणजे रोग वाढणे. नुसते द्रव मिळालेल्यांचे गुण सरासरीने २८ ने वाढले, आणि औषध मिळालेल्यांचे ६ ने उतरले. अशा रोगात रोगाची गती मंदावली एवढ्यावरही वैद्य समाधान मानतात; येथे काही रोग्यांत गेलेले बळ अंशतः परत आलेले दिसले. रक्तातील ट्रान्सथायरेटिन सुमारे ८१ टक्के घटले होते. हे निष्कर्ष जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकन औषध प्रशासनाने विक्रीचा परवाना दिला. फायर-मेलो यांच्या शोधाला तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्या शोधावर उभारलेले हे जगातील पहिले मान्यताप्राप्त औषध.

रोग्याच्या बाजूने पाहिले तर दर तीन आठवड्यांनी रुग्णालयात जाणे आले. कणांमुळे शरीराने अवाजवी प्रतिकार करू नये म्हणून आधी तासभर स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि अॅलर्जी दाबणारी औषधे. मग सुमारे ऐंशी मिनिटे शिरेतून संथ धार. साठ किलो वजनाच्या माणसाला एका खेपेस अठरा मिलिग्रॅम आरएनए पुरतो. ट्रान्सथायरेटिन कमी झाले की अ जीवनसत्त्वाचे रक्तातील प्रमाणही घटते, म्हणून त्याची गोळी रोज घ्यावयाची. हे सगळे सोसण्याजोगे आहे; न सोसण्याजोगी आहे ती किंमत. बाजारात येताना अमेरिकेतील छापील दर वर्षाला साडेचार लाख डॉलरच्या घरात होता, आणि मच्छीमाराच्या घराण्यात निघालेल्या रोगाच्या औषधाला तो आकडा लावलेला पाहून वाचकाच्या मनात जे येईल तेच माझ्याही मनात येते.

या कणांचे पुढचे नशीब सर्वविदित आहे. आखूड तुकड्याऐवजी अखंड संदेशवाहक आरएनए भरून हेच तंत्र २०२० साली करोनाच्या लशींत वापरले गेले, आणि एका दुर्मिळ मज्जारोगासाठी घासून-पुसून तयार ठेवलेले वाहन कोट्यवधी दंडांत टोचले गेले. गंमत अशी की, ज्या रोगासाठी ते घडले तेथे मात्र त्याची मक्तेदारी फार काळ टिकली नाही. यकृताच्या पेशी ओळखतात अशी एक शर्करा आरएनएला थेट जोडली तर नॅनोकणाची गरजच उरत नाही, असे निष्पन्न झाले, आणि २०२२ साली त्याच कंपनीचे तशा प्रकारचे औषध, तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचावयाचे, मान्य झाले. उलट दिशेने, २०२१ साली त्याच मेदकणांत क्रिस्पर ही जनुक कापणारी यंत्रणा भरून ती सहा रोग्यांना एकदाच दिली गेली. त्यांतील अधिक मात्रा मिळालेल्या तिघांच्या रक्तातील ट्रान्सथायरेटिन सरासरी ८७ टक्क्यांनी उतरले. येथे नक्कल नव्हे, दप्तरच फाडले जाते. शर्करा असो की क्रिस्पर, दोन्ही जातात ती यकृतातच.

मेंदूकडे मात्र वाट का नाही, हे समजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८८५ साली पाउल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले असता सर्व अवयव रंगले, मेंदू तेवढा कोरा राहिला. मेंदूला त्या रंगाचे आकर्षण नसावे, असा तर्क त्यांनी केला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली तसाच रंग रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला, तेव्हा मेंदू गडद रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. गुरूचा तर्क चुकीचा होता. अडसर दोहोंच्या मध्ये होता. तो नेमका कोठे, हे १९६७ साली रीझ आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले: मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना अशा घट्ट सांधलेल्या असतात की त्यांच्यामधून प्रथिनाचा रेणूही सरकत नाही. सहा-एकशे किलोमीटर लांबीच्या केशवाहिन्या मेंदूत असूनही, आजमितीस उपलब्ध असलेल्या लहान रेणूंच्या औषधांपैकी बहुसंख्यांना आत प्रवेश नाही. नॅनोकणांनी येथे प्रयत्न केलेच नाहीत असे नव्हे. १९९५ साली फ्रँकफुर्टच्या यॉर्ग क्रॉयटर यांनी डालार्जिन हे एरवी मेंदूत न शिरणारे वेदनाशामक पॉलिसॉर्बेटचे आवरण दिलेल्या कणांवर बसवून उंदरांना टोचले आणि त्यांची वेदना कमी झाली. आणि चौकशीअंती त्याही कणांवर आढळले ते अपोलिपोप्रोटीन ईच. तीस वर्षे झाली, तरी त्या उंदरांच्या पलीकडे माणसाच्या मेंदूच्या रोगावर त्या पद्धतीचे औषध बाजारात आलेले नाही. मेंदूच्या ग्राहकांना हाताशी धरून आत जाणारे एक औषध जपानने २०२१ साली मान्य केले खरे, पण त्याच्या वाहनात नॅनोकण नाही, प्रतिपिंड आहे. आणि मेरुरज्जूच्या काही रोगांत आरएनए-वर्गाची औषधे सरळ कमरेत सुई घालून मेरुद्रवात सोडतात, म्हणजे अडसर ओलांडत नाहीत, त्याला वळसा घालतात.

आणि पोव्होआच्या त्या घराण्यांना या अडसराचा प्रत्यय आता वेगळ्याच रीतीने येऊ लागला आहे. ट्रान्सथायरेटिन मुख्यत्वे यकृतात बनत असले तरी थोडेसे मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव स्रवणाऱ्या जालकात आणि डोळ्यातही बनते. तेथवर ना यकृतरोपणाचा हात पोहोचतो, ना पॅटिसिरनचा. पूर्वी रोगी दहा वर्षांत जात असे, त्यामुळे हा थोडासा हिस्सा उपद्रव देण्याइतका साचतच नसे. आता यकृत बदललेले लोक दीर्घकाळ जगतात, आणि त्यांच्यापैकी काहींना, रोगाला पंधरा-एक वर्षे उलटल्यावर, मधूनच वाचा अडखळणे, अंगाचा एक भाग क्षणभर लुळा पडणे असे झटके येऊ लागले आहेत. त्यांचे कारण मेंदूच्या आवरणांत आणि तेथील रक्तवाहिन्यांत साठणारा अमायलॉइड हे आहे. डोळ्याच्या काचद्रवात तो साठला तर दृष्टी धूसर होते, आणि तेव्हा तो द्रव शस्त्रक्रियेने काढून टाकता येतो. मेंदूच्या आवरणांत साठलेल्या अमायलॉइडवर शस्त्र चालवता येत नाही, आणि यकृताकडे जाणाऱ्या या औषधांपैकी एकही तेथवर जात नाही.